नवे डायनोसॉर, जुनी कपाटं: अलीकडच्या शोधांवर गप्पा

चकमक

'नवा डायनोसॉर सापडला' असा मथळा वाचला की रणरणतं वाळवंट, हातात कुदळ आणि घामाने निथळणारी माणसं असं चित्र उभं राहतं. चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. अलीकडचे जे शोध मला सगळ्यात जास्त आवडले, त्यांतली हाडं कधीच खणून काढलेली होती. क्रमांक टाकून, चिठ्ठी लावून ती संग्रहालयाच्या कपाटात पडून होती. कुणीतरी ती पुन्हा नीट बघितली, एवढंच.

खानखूलूचंच घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मंगोलियात सापडलेले दोन अर्धेमुर्धे सांगाडे अलेक्ट्रोसॉरस या आधीच माहीत असलेल्या प्राण्याच्या नावावर खपून गेले होते. कॅलगरी विद्यापीठाचा जॅरेड व्होरिस हा संशोधक उलानबातरला जाऊन ती हाडं तपासत होता, तेव्हा हे प्रकरण निराळं आहे असं त्याच्या लक्षात आलं. जून २०२५मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात खानखूलू मंगोलिएन्सिस या नावाने त्याचं बारसं झालं. सुमारे ८.६ कोटी वर्षांपूर्वीचा, साधारण ७५० किलोचा, लांब पायांचा शिकारी. टी. रेक्स आणि त्याचे दांडगे भाऊबंद ज्या घराण्यातले, त्या घराण्याच्या मुळापाशी बसणारा. पन्नास वर्षं तो भलत्याच नावाने कपाटात होता.

पण खरी मजा नॅनोटिरॅनसची. क्लीव्हलंडच्या संग्रहालयाला १९४२मध्ये माँटानात एक छोटी, निमुळती कवटी मिळाली. १९४६मध्ये ती टी. रेक्सच्या नात्यातल्या गॉर्गोसॉरसच्या एका जातीत टाकली गेली. १९८८मध्ये बॅकर, विल्यम्स आणि करी यांनी तिला नॅनोटिरॅनस असं स्वतंत्र नाव दिलं. १९९९मध्ये थॉमस कार म्हणाले, कसला स्वतंत्र, हे तर टी. रेक्सचं पोर आहे. मध्यंतरी 'जेन' नावाने ओळखला जाणारा छान सांगाडा हाती आला होता. २०२०मध्ये हॉली वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच्या हाडांचे काप काढून दाखवलं, की जेन किमान तेरा वर्षांची होऊन मेली आणि तेव्हा अजून वाढतच होती. म्हणजे पोरच. बहुतेकांनी प्रकरण मिटलं असं मानलं.

ऑक्टोबर २०२५मध्ये लिंडसे झॅनो आणि जेम्स नापोली यांनी ते पुन्हा उकरून काढलं. माँटानातल्या हेल क्रीकच्या थरांत २००६मध्ये एक ट्रायसेराटॉप्स आणि एक टिरॅनोसॉर एकमेकांशेजारी सापडले होते. 'झुंजणारे डायनोसॉर' म्हणून ही जोडी प्रसिद्ध आहे (प्रत्यक्षात झुंजत होते की नाही, देव जाणे). त्यातला टिरॅनोसॉर जेमतेम ७०० किलोचा. सगळ्यांनी धरून चाललं होतं की हे कोवळं टी. रेक्स असणार. झॅनो-नापोलींनी हाडांचे काप घेतले आणि निघालं काय, तर प्राणी सुमारे वीस वर्षांचा आणि वाढ थांबलेला. पूर्ण वाढून ७०० किलो! टी. रेक्स पूर्ण वाढला की आठेक टनांना जातो.

तर मंडळी, या धाग्यावर अशाच शोधांबद्दल बोलू. मथळ्यापेक्षा 'हे कळलं कसं' यात मला जास्त रस आहे.

खट्याळ_कासव

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. शंकासुर आले की सुरू करू.

रानवारा

मस्त धागा! एक अगदी बाळबोध प्रश्न. सहासात कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याचं वय 'वीस' हे कुठल्या हिशोबाने? दातांवरून का, जसं गुरांचं सांगतात?

चकमक

@रानवारा, बाळबोध मुळीच नाही, सगळा वाद त्यावरच तर आहे.

मांडीचं किंवा नडगीचं हाड मधोमध आडवं कापतात. त्याची पातळ चकती काचेवर चिकटवून इतकी घासतात, की तिच्यातून उजेड आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवित प्रकाशात बघतात. खडतर हंगामात हाडाची वाढ मंदावते किंवा थांबते आणि तिथे एक बारीक रेघ उमटते. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं मोजायचं, असं म्हणतात खरं, पण हाड खोडापेक्षा त्रासदायक आहे. मधली मज्जेची पोकळी वाढत्या वयाबरोबर रुंदावत जाते आणि बालपणीच्या रेघा पुसून टाकते. त्यामुळे आतली हरवलेली वर्षं लहान प्राण्यांच्या हाडांशी ताडून हिशोबात धरावी लागतात. 'सुमारे वीस' यातला 'सुमारे' तिथून येतो.

वयाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट हाडाच्या अगदी बाहेरच्या काठावर असते. वाढ संपली की शेवटच्या रेघा एकमेकींना खेटून बसतात, मधे जागाच उरत नाही. काठावर असा दाट पट्टा दिसला की प्राणी प्रौढ. दिसला नाही, तर तो वाढत होता. जेनमध्ये हा पट्टा नव्हता, या नव्या सांगाड्यात आहे.

आणि वय बाजूला ठेवलं तरी हात उरतातच. या ७०० किलोच्या प्राण्याचा हात आठ टनांच्या टी. रेक्सच्या हातापेक्षा मोठा आहे. प्रमाणात नव्हे, पट्टी लावून मोजला तर. वाढताना हाड लांब होतं, आखूड होत नाही. हे पोर मोठं होऊन टी. रेक्स होणार म्हणायचं, तर वयात येताना त्याचे हात आक्रसले असं मानावं लागेल. शिवाय शेपटीचे मणके कमी, दात जास्त, कवटीतल्या नसांच्या वाटा वेगळ्या. शेपटीतले मणके काही वयाबरोबर उगवत नाहीत.

शंकासुर

आलो. कासवराव, पॉपकॉर्न संपलं नसेल अशी आशा.

माझी अडचण साधी आहे. २०२०मध्ये काप काढले, निष्कर्ष: पोर. २०२५मध्ये काप काढले, निष्कर्ष: प्रौढ. पद्धत तीच. मग पुढच्या पाच वर्षांनी तिसरा गट तिसरं काहीतरी सांगणार नाही कशावरून? दर वेळी 'वाद मिटला' म्हणायचं आणि दर वेळी नवा शोधनिबंध. मला तरी हा लंबकाचा खेळ वाटतो.

चकमक

@शंकासुर, दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत, कारण काप दोन वेगळ्या प्राण्यांचे आहेत. जेन वाढत होती हे २०२०मध्ये बरोबरच सांगितलं होतं. 'वाढत होती, म्हणजे टी. रेक्स होणार होती' ही पुढची उडी मात्र हाडात नव्हती, ती मारली गेली. ती नॅनोटिरॅनसचंच अर्धवट वाढलेलं पोर असू शकते, हा पर्याय उरला होता. नव्या निबंधात जेनला नॅनोटिरॅनसच्याच दुसऱ्या जातीत टाकलं आहे, नॅनोटिरॅनस लिथियस.

आता कुणी म्हणेल, मूळ नाव तर क्लीव्हलंडच्या कवटीला दिलं आहे, तीच लहान प्राण्याची निघाली तर? तिचे पायच मिळालेले नाहीत, काप कुठून काढणार? ही फट डिसेंबर २०२५मध्ये ख्रिस्तोफर ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये बुजवली. कवटीबरोबर घशातलं एक सडपातळ हाड टिकून होतं, जिभेला आधार देणारं. आधी त्यांनी आजचे पक्षी, मगरी, सरडे आणि इतर काही डायनोसॉर यांची तीच हाडं तपासून त्यांत वयाची नोंद राहते का हे पाहिलं. राहते. मग क्लीव्हलंडच्या हाडाचा काप घेतला. प्राणी प्रौढ किंवा प्रौढत्वाच्या उंबरठ्यावर. दोन स्वतंत्र गट, दोन वेगळी हाडं, उत्तर एकच. याला मी लंबक म्हणणार नाही.

गारगोटी

चकमकना अनुमोदन. थोडी भर घालते. यात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं झालं असेल, तर टी. रेक्सच्या 'किशोरवया'वर लिहिणाऱ्यांचं. जेन हे किशोरवयीन टी. रेक्स धरून त्याच्या वाढीचे आलेख, चाव्याची ताकद, पळण्याचा वेग असं बरंच काही काढलं गेलं आहे. लहान टी. रेक्स चपळ शिकारी आणि मोठा हाडं फोडणारा, म्हणून मधल्या आकाराच्या दुसऱ्या शिकाऱ्याला तिथे जागाच नव्हती, हा तर लाडका सिद्धान्त होता. ती जागा रिकामी नव्हतीच, तिथे नॅनोटिरॅनस बसला होता. आता तो सगळा हिशोब नव्याने मांडायचा. खऱ्या कोवळ्या टी. रेक्सचे सांगाडे फार कमी आहेत आणि जे आहेत ते कुणाकडे आहेत, यावर नंतर लिहीन. तो माझा दुखरा विषय आहे.

शाईचा_डाग

वाचतेय. वाचनखूण साठवली.

घरात सहा वर्षांची डायनोसॉरतज्ज्ञ आहे, तिच्या वतीने दोन प्रश्न. एक, टी. रेक्सला पिसं होती का? (तिच्या एका पुस्तकात आहेत, दुसऱ्यात नाहीत, त्यावरून ती दोन्ही पुस्तकांवर नाराज आहे.) दोन, रंग कसे कळतात? की चित्रकार मनाला येईल ते देतात?

चकमक

@शाईचा_डाग, तज्ज्ञांना नमस्कार सांगा. दोन्ही पुस्तकांची बाजू थोडी थोडी खरी आहे.

टी. रेक्सच्या मान, कंबर आणि शेपटीच्या भागांतल्या त्वचेचे लहान लहान ठसे मिळाले आहेत. २०१७मध्ये ते प्रसिद्ध झाले, त्यात बारीक खवले आहेत, पिसं नाहीत. पण त्याच्याच दूरच्या नात्यातला युटिरॅनस, चीनमधला, साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा, नऊएक मीटर लांब, त्याच्या अंगावर केसांसारखी लांब पिसं स्पष्ट दिसतात. म्हणजे कुळात पिसं होती, टी. रेक्सपर्यंत येता येता अंगाच्या बऱ्याच भागावरून ती गेली असावीत. पाठीवर थोडी राहिली होती का? तिथले ठसे मिळेपर्यंत चित्रकाराला मुभा आहे.

रंगाचं प्रकरण २०१०पासून पालटलं. पिसांत रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, मेलॅनोसोम. लांबट असतील तर काळा-करडा, गोलसर असतील तर तांबूस. आधी या पिशव्यांना सडक्या पिसावरचे जिवाणू समजत असत. २०१०मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते हे कळलं. त्याच सुमारास अँकिऑर्निसचं तर जवळजवळ पूर्ण अंग रंगवता आलं: काळे-पांढरे पंख आणि डोक्यावर लालसर तुरा. मायक्रोरॅप्टर कावळ्यासारखा चमकदार काळा होता, हे २०१२चं.

शंकासुर

रंगाच्या बाबतीत जरा दमाने. कोट्यवधी वर्षं दाब आणि उष्णता सोसलेल्या पिशवीचा आकार तसाच राहिला, हे गृहीत कसं धरायचं?

गारगोटी

योग्य शंका, आणि ती तपासली गेली आहे. आजची पिसं भट्टीत दाबाखाली तापवून पाहिली, तर पिशव्या आकसतात. त्यामुळे काठावरचे रंग गडबडतात. दुसरं म्हणजे, आकार आणि रंग यांचं हे नातं पक्षी आणि सस्तन प्राण्यांत नीट चालतं, सरडे-कासवांच्या त्वचेत चालत नाही. म्हणून खवलेवाल्या डायनोसॉरचा रंग नुसत्या आकारावरून सांगत असतील तर भुवई उंचवावी. शिवाय पिवळे, केशरी रंग देणारी कितीतरी द्रव्यं मेलॅनिन नसतात, ती सहसा टिकतच नाहीत. पोपटासारखा हिरवागार डायनोसॉर असलाच, तरी आपल्याला तो दिसणं अवघड.

बोरिअलोपेल्टाची गोष्ट निराळी. कॅनडात आल्बर्टातल्या एका खाणीत २०११मध्ये यंत्र चालवणाऱ्या कामगाराला वेगळाच दगड दिसला. निघाला चिलखती डायनोसॉर, नाकापासून कमरेपर्यंत, कवच आणि त्वचेसकट. दगडातून तो सोडवायला मार्क मिचेल नावाच्या तंत्रज्ञाने सुमारे ७,००० तास घेतले. प्राण्याच्या जातीला त्याचंच नाव दिलंय, बोरिअलोपेल्टा मार्कमिचेली. इथे रंग सांगितला तो आकारावरून नव्हे, उरलेल्या सेंद्रिय थराच्या रासायनिक खुणांवरून: वरून तांबूस तपकिरी, पोटाकडे फिकट. ही रंगाची मांडणी लपण्यासाठी असते, हरणांमध्ये दिसते तशी. टनाहून जास्त वजन, अंगभर चिलखत, तरी याला लपावं लागत होतं! मग त्याच्या आसपास शिकारी कसले असतील?

रानवारा

बाप रे. हे शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

चिलखतावरून आठवलं, मोरोक्कोत काहीतरी काटेरी सापडलं होतं ना मध्यंतरी? फोटो पाहून मला ते बनावट चित्र वाटलं होतं.

चकमक

स्पायकोमेलस! त्याच्यावर स्वतंत्र धागा निघू शकतो.

२०२१मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या सुझाना मेडमेंट आणि सहकाऱ्यांनी एकाच बरगडीवरून हे नाव दिलं. बरगडीच्या पाठीला काटे चक्क जोडलेले. जगातल्या कुठल्याच ज्ञात प्राण्याच्या, आजच्या किंवा नामशेष, बरगडीला असे काटे नाहीत. बाकी चिलखती डायनोसॉरांचे काटे कातडीत रुतलेले असतात, हाडाला चिकटलेले नसतात. खोडसाळपणे कुणी चिकटवले नाहीत ना, इथपर्यंत शंका घेऊन झाली, आतून छायाचित्रण झालं. हाड खरं होतं.

मग मध्य ॲटलसच्या डोंगरात, बुलमानजवळ, त्याच जागी आणखी हाडं मिळाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये 'नेचर'मध्ये पुढचा भाग आला. मानेभोवती हाडाची कॉलर, तिच्यातून निघालेले काटे तब्बल ८७ सेंटीमीटर. जिवंतपणी त्यावर शिंगासारखं आवरण असेल, म्हणजे आणखी लांब. कमरेवर काटे, बरगड्यांवर काटे. शेपटीतले काही मणके एकमेकांत मुरून दांडा झालेला. असा दांडा असला की टोकाला गदा किंवा तत्सम हत्यार असतं. आणि हा प्राणी सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्याला माहीत असलेल्या या कुळातला सर्वांत जुना.

समजूत अशी होती, की या कुळाने साध्या कवचापासून सुरुवात केली आणि शिकारी बलाढ्य झाले तसं चिलखत वाढत गेलं. इथे सुरुवातीलाच सगळी हत्यारं अंगावर. कदाचित मादीसमोर किंवा प्रतिस्पर्ध्यासमोर मिरवायला असतील आणि पुढच्या पिढ्यांनी त्यातलं उपयोगाचं तेवढं ठेवलं असेल. मला हा अंदाज पटतो. मीटरभर काटे घेऊन झुडपात शिरणं काही सोपं नसणार.

खट्याळ_कासव

एका बरगडीवर नाव दिलं तेव्हा शंकासुर कुठे होते?

शंकासुर

तिथेच होतो आणि तेव्हाही कुरकुरत होतो.

एका हाडावर नाव द्यायला माझा विरोध आहेच. या वेळी नशीब बलवत्तर होतं. उलटी उदाहरणं ढिगाने आहेत. टायटॅनोसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी घ्या. जबलपूरला सापडलेल्या शेपटीच्या मणक्यांवरून लायडेकरने १८७७मध्ये नाव दिलं. पुढे कळलं, तसे मणके या कुळात बहुतेक सगळ्यांनाच असतात. आता ते नाव शास्त्रीयदृष्ट्या निकामी मानतात आणि कुळाला मात्र तेच नाव चिकटलंय.

आणि लांबीचे आकडे! मामेंचीसॉरसची मान १५ मीटर, असं २०२३मध्ये छापून आलं. किती मणक्यांवरून? मानेची टोकाकडची मोजकी हाडं आणि एक बरगडी.

गारगोटी

मामेंचीसॉरसच्या बाबतीत तुमच्याशी वाद घालणार. हाड १९८७मध्ये मिळालेलं, मानेतली ती बरगडी एकटीच चार मीटरहून लांब. त्याच्या जवळच्या नात्यातल्या शिनजियांगटायटनची मान अख्खी मिळाली आहे, तेराहून जास्त मीटर. त्या प्रमाणात ही मान मोजली. याला हवेतला आकडा नाही म्हणता येणार. फार तर मीटरभर इकडेतिकडे. १४ असली तरी ती जिराफाच्या सहापट आहे.

टायटॅनोसॉरसबद्दल मात्र मान्य. म्हणूनच आता नाव देताना या हाडात असं काय आहे जे दुसऱ्या कुणातच नाही, हे दाखवावं लागतं. काटे चिकटलेली बरगडी त्या कसोटीला उतरते. शेपटीचा सर्वसाधारण मणका उतरत नाही.

मधली_सुट्टी

उशिरा आलो, सगळं एका दमात वाचलं. माझा प्रश्न तारखांचा. १६.५ कोटी, ८.६ कोटी हे कसं ठरवतात? कार्बन पद्धतीने का?

गारगोटी

@मधली_सुट्टी, कार्बन पद्धत पन्नासेक हजार वर्षांपलीकडे हात टेकते. इथे तिचा काही उपयोग नाही.

सहसा हाडाचं वय काढतच नाहीत, त्याच्या वर-खालच्या ज्वालामुखी राखेचं काढतात. राखेत झिरकॉन या खनिजाचे वाळूपेक्षा बारीक स्फटिक असतात. स्फटिक घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला घेत नाही. म्हणून आज आत जे शिसं आहे, ते युरेनियम विघटित होऊनच आलेलं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय मिळतं. खालची राख अमुक, वरची तमुक, हाड त्यांच्या मधलं. राखच नसली की पंचाईत, मग त्या थरातली परागकणं, सागरी सूक्ष्मजीव, खडकातली चुंबकीय दिशा अशा आडवळणांनी जावं लागतं.

२०२५मध्ये एक गोष्ट छान झाली. चीनमधल्या छिंगलाँगशान इथल्या डायनोसॉरच्या अंड्यांचं वय थेट अंड्यातूनच काढलं. कवचातल्या पोकळीत साचलेल्या कार्बोनेट खनिजावर लेझर मारून तीच युरेनियम-शिशाची पद्धत वापरली. उत्तर सुमारे साडेआठ कोटी. राख नसलेल्या जागांसाठी हे फार कामाचं ठरेल.

शाईचा_डाग

तज्ज्ञबाई पिसांच्या उत्तरावर खूश आहेत. पुढचा प्रश्न: ते काय खायचे हे दातांवरून कळतं की पोटात बघून?

चकमक

दातांवरून तर्क करता येतो, पोटात बघायला मिळालं तर पुरावा. पोट मिळणं मात्र फार दुर्मीळ.

लांब मानेच्या शाकाहारींचे सांगाडे शंभराहून जास्त वर्षं मिळताहेत, पण पोटातलं अन्न निर्विवादपणे कुणाच्याच हाती लागलेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २०१७ साली 'जुडी' नावाचा डायमँटिनासॉरस खणताना ते मिळालं, निबंध आला जून २०२५मध्ये. शंकूधारी झाडांचे अवशेष, बीजनेच्यांची फळं, फुलझाडांची पानं, आणि बहुतेक सगळं न चावलेलं. ओरबाडायचं, गिळायचं, बाकी काम आतड्यातल्या जिवाणूंनी करायचं. जमिनीलगतचंही आणि उंचावरचंही, काही वर्ज्य नाही.

शिकाऱ्यांकडे गॉर्गोसॉरस आहे. पाचसात वर्षांचं पोर, पोटात सिटिपेस नावाच्या छोट्या पक्षीसदृश डायनोसॉरच्या दोन पिल्लांचे फक्त मागचे पाय. दोन पिल्लं, दोन वेळची जेवणं, आणि दोन्ही वेळा फक्त तंगड्या! २०२३चं आहे हे. वयात आल्यावर हेच गॉर्गोसॉरस मोठाली जनावरं मारायचे, म्हणजे वयानुसार शिकार बदलत होती.

पोट नसलं तर शेण. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळची जीवाश्म विष्ठा २००५मध्ये तपासली, तर त्यात गवताचे सिलिकाकण निघाले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं पाठ्यपुस्तकं सांगत. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांचं ते काम. एका शेणाच्या खड्याने गवताचा इतिहास मागे ढकलला, मला तर हे टी. रेक्सपेक्षा भारी वाटतं.

खट्याळ_कासव

शेणापर्यंत धागा आला म्हणजे आता रंगणार.

डीएनए काढून पुन्हा जिवंत करायचं काय ते सांगा. बाकी सगळ्यांनी विचारायचं टाळलंय.

गारगोटी

@खट्याळ_कासव, नाही जमणार. मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून २०१२मध्ये काढलेला अंदाज असा, की तिथल्या परिस्थितीत डीएनएचा एक तुकडा दर ५२१ वर्षांनी निम्मा होतो. थंडीत जास्त टिकतो. आजवरचा सर्वांत जुना डीएनए ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांचा. डायनोसॉर गेले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. फरक तुम्हीच करा.

२००५मध्ये मेरी श्वाइट्झर यांनी टी. रेक्सच्या हाडातलं खनिज विरघळवून लवचीक ऊतीसारखं काही दाखवलं, त्यावरून भरपूर वाद झाले आणि अजून आहेत. पण ते प्रथिनांबद्दल, डीएनएबद्दल नव्हे.

रानवारा

मेले कसे याबद्दल काही नवीन? की उल्का पडली, संपलं?

चकमक

उल्का पडली याबद्दल आता फारसं कुणी भांडत नाही. तपशील मात्र चक्रावून टाकणारे येताहेत. नॉर्थ डकोटातल्या टॅनिस इथे त्या दिवशी गाडले गेलेले मासे मिळाले. कल्ल्यांत उल्कापाताने उडालेले काचेचे बारीक मणी अडकलेले, म्हणजे मासा तेव्हा जिवंत होता, श्वास घेत होता. २०२२मध्ये मेलानी ड्युरिंग आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या हाडांतली हंगामी वाढ तपासली. ती वसंतात येऊन थांबते. उत्तर गोलार्धात पिल्लं जन्मण्याचा मोसम. दक्षिणेकडे तेव्हा शरद होता, तिकडचे काही जीव बिळांत, सुस्तावलेले असतील आणि त्यामुळे वाचले असतील, असा एक अंदाज आहे.

२०२४मध्ये त्या थरातल्या रुथेनियम या धातूवरून उल्केची जात ठरली: कार्बनयुक्त, गुरूच्या पलीकडे घडलेली.

'डायनोसॉर आधीपासूनच उताराला लागले होते' हे जुनं पालुपद. ऑक्टोबर २०२५मध्ये न्यू मेक्सिकोतल्या थरांचं वय नव्याने काढलं, तर तिथले डायनोसॉर अगदी शेवटच्या चारेक लाख वर्षांतले निघाले. उत्तरेकडच्या हेल क्रीकपेक्षा वेगळे, आणि चांगले नांदणारे. दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती हा वाद चालू राहील, पण थकून भागून मेले ही गोष्ट मला आता पटत नाही.

गारगोटी

आता माझा दुखरा विषय. थॉमस कार यांनी २०२५मध्ये टी. रेक्सच्या अभ्यासयोग्य नमुन्यांची मोजदाद केली. सार्वजनिक संस्थांत ६१, खासगी आणि व्यापारी हातांत ७१. यात कोवळे टी. रेक्सही आहेत, ज्यांची नॅनोटिरॅनस प्रकरणात नेमकी गरज आहे. जुलै २०२४मध्ये 'एपेक्स' हा स्टेगोसॉरस लिलावात ४.४६ कोटी डॉलरला गेला. घेणाऱ्याने तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला उसना दिला, चांगलं केलं. पण उसना म्हणजे उसना. मालकाने उद्या परत नेला, तर आजची मोजमापं पुन्हा तपासणार कशी? म्हणून अनेक नियतकालिकं खासगी नमुन्यावरचा निबंध घेतच नाहीत.

झुंजणारी जोडीसुद्धा जमिनीच्या हक्कावरून कोर्टात अडकली होती. जीवाश्म हे 'खनिज' धरायचं का, असा तो खटला! माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये नाही म्हटलं, तेव्हा कुठे ती संग्रहालयात पोचली.

आणि उबिराजारा. ब्राझीलमधलं जीवाश्म जर्मनीत गेलं, २०२०मध्ये नाव दिलं गेलं, ब्राझीलच्या संशोधकांनी आवाज उठवला, निबंध मागे घेतला गेला. २०२३मध्ये हाडं मायदेशी परतली. नावाला आता अधिकृत दर्जा नाही.

मधली_सुट्टी

लिलावाचा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही बघा. विकत घेणारे आहेत म्हणून खणणारे आहेत. नाहीतर ती हाडं उघड्यावर पडून एकदोन पावसाळ्यांत चुरा होऊन जातात. जेवढी वाचली ती तरी वाचली.

गारगोटी

तो युक्तिवाद मला माहीत आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण हाड वाचलं आणि थराची नोंद गेली, तर उरतो शोभेचा दगड. वर राखेच्या तारखांबद्दल लिहिलं ना? नेमकं कुठल्या थरातून काढलं हे लिहून ठेवलं नसेल, तर तारीखही नाही.

शंकासुर

इथे मात्र गारगोटींशी पूर्ण सहमत. नोंद घ्या, पुन्हा होणार नाही.

स्पायनोसॉरस कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. जर्मन संशोधक स्ट्रोमरची १९१५ची हाडं १९४४च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकमध्ये जळाली, २०१४मध्ये नवा सांगाडा आला, २०२०मध्ये वल्ह्यासारखी शेपटी आली. २०२२मध्ये एक गट म्हणाला हाडं घट्ट आहेत म्हणजे बुडी मारायचा, दुसरा म्हणाला असा प्राणी पाण्यात उलटापालटा होईल, २०२४मध्ये तिसऱ्याने पहिल्याचं संख्याशास्त्रच काढलं. तो पोहायचा की काठावर उभा राहून मासे टिपायचा, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. इथे लिहिलं तर धागा बुडेल, म्हणून वेगळा काढतोय. चकमक आणि गारगोटी, तिकडे या. कासवरावांनी पॉपकॉर्न आणावं.